पाच लाख दहा हजार पाचशे दहा

थोरली: हे स्टूल एकदाचं कुणीतरी चुलीत घाला. जरा टेकलं की कलंडतंय.

अप्पा: तीन पायांचं स्टूल डुगडुगत नसतं, बाई. बसणारा डुगडुगतो.

थोरली: एक पाय ढिला झालाय त्याचा, हात लावून बघा. आणि तुम्हाला चाकघरात सोडलं कुणी? निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी तेल-पाण्याची सुट्टी झाली रे झाली की तुम्ही हजर.

अप्पा: आज मी चाकं बघायला आलो नाही. आज नुसता बाप म्हणून आलोय. सुट्टी संपली की दोराचा पाळणा वर डोंगरावर आरोग्यधामाला जाईल आणि उतरताना माझ्या धाकटीला घेऊन येईल. मग मी इथे नाही तर कुठे थांबू? गेटवर, त्या गर्दीत? ते सोड. हा सदरा मागून चुरगळलाय का सांग.

थोरली: नाही चुरगळला. कानाखाली दाढी मात्र राहिलीय.

अप्पा: राहू दे. वर्षभराने बघणार ती मला नीट उजेडात. ओळख पटायला काहीतरी खूण नको? अगं, आणि तू कधीची दारात उभी आहेस? ये की आत. वरून कधी उतरलीस?

आई: झाला थोडा वेळ.

अप्पा: डोळे बघ कसे झालेत. रात्रभर बसलीस ना तिच्या उशाशी? तिला लागली का झोप?

आई: पहाटे लागली.

अप्पा: तेच म्हटलं मी. घरी जायचं म्हटल्यावर डोळ्याला डोळा लागणार कसा? सहलीच्या आदल्या रात्री हेच करायची. दप्तर उशाला घेऊन बसायची, आणि निघायच्या वेळी ढाराढूर.

आई: चहा आणलाय. आधी तो घ्या दोघंही.

थोरली: ही पिशवी तिची ना गं?

आई: हो.

थोरली: सामान आधीच आणलंस ते बरं केलंस. तिला उचलायला नको. टॉवेल, स्वेटर, फणी… अगं आई, यात तिच्या चपला पण आहेत! आता उतरताना पायात काय घालेल ती?

आई: चहा निवतोय.

अप्पा: असतील की वर दुसऱ्या. तू म्हणजे ना, पिशव्या उपसायची तुझी खोड जायची नाही. बरं, काय म्हणाली ती रात्री? मला काही निरोप?

आई: आकडा कुठवर आला, म्हणाली.

अप्पा: बघ! ऐक थोरले! वर्षभर अंथरुणाला खिळलीय, पण आकडा विसरली नाही पोरगी. मग सांगितलंस ना तू?

आई: मला कुठे ठाऊक असतात तुमचे आकडे. ते अप्पांनाच विचार म्हटलं. मग तिला उचकी लागली. अप्पा आठवण काढतायत, म्हणाली. आणि हसली.

अप्पा: काढतच होतो. इथे बसून काय दुसरं करतो मी? येऊ दे आता, फेऱ्या मोजणाऱ्या काउंटरपुढेच उभी करतो तिला. पाच लाख दहा हजार एकशे नव्वद. अजून तीनशे वीस फेऱ्या राहिल्या. दिवसाला शंभरेक धर. तीन दिवसांनी आपण चौघं इथे उभे राहून बघू, आकड्यांचे राजेसाहेब, पाच लाख दहा हजार पाचशे दहा, कसे येतात ते.

थोरली: उचकीवरून निघालंच आहे तर मला बोलायचंय, अप्पा. आईसमोर बोलते म्हणजे तुम्ही मधेच सटकणार नाही. पाळण्याला उचक्या येतायत.

अप्पा: त्या येणारच. चौदा वर्षं येतायत.

थोरली: तशा नाही.

आई: आत्ता हे सगळं कशाला? अहो, जरा माझ्याकडे बघा. मला तुम्हाला—

अप्पा: थांब गं, तीच तर गंमत आहे. हिला विचार, थोरले. इतकी वर्षं माझी बडबड ऐकतेय. सांग बघू, ब्रेकचे ड्रम किती?

आई: तीन.

अप्पा: आणि खाचा?

आई: आज नका ना मला विचारू.

अप्पा: सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, पंच्याऐंशी! पाळण्याची एक फेरी झाली, वर जाणारी असो की खाली येणारी, की प्रत्येक ड्रम एक खाच पुढे सरकतो. म्हणजे ब्रेक दर वेळी नव्या जागी धरतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. आता प्रत्येक ड्रमला एक सांधा आहे. तो सांधा ब्रेकखाली आला की पकड बसत नाही, घसरते. तीच उचकी. पण बाकीचे दोन ड्रम धरून ठेवतात. पाळण्यातल्या माणसाला वाटतं, वारा असेल.

थोरली: कारण संस्थेला बिनसांध्याचे ड्रम घ्यायचे नव्हते. तेवढं गाळू नका.

अप्पा: परवडत नव्हते म्हणाले. डोंगरावर नवं आरोग्यधाम, खाली नवा पाळणा, आणि वरच्या खाटा आधी का ड्रम आधी, असा प्रश्न. मग मी म्हटलं, सांधे घालवता येत नाहीत ना? हरकत नाही. त्यांची आपसात गाठ पडू द्यायची नाही. आकडेच असे निवडायचे की एकाचा भाजक दुसऱ्याच्या घरात सापडता कामा नये. सत्त्याहत्तर म्हणजे सात आणि अकरा. अठ्ठ्याहत्तर म्हणजे दोन, तीन आणि तेरा. पंच्याऐंशी म्हणजे पाच आणि सतरा. कुणाचं कुणाशी नातं नाही, ओळखपाळख नाही. तिन्ही सांधे एकाच वेळी ब्रेकखाली यायचे तर तिघांचा पुरता गुणाकार व्हावा लागतो. पाच लाख दहा हजार पाचशे दहा! दोनापासून सतरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या त्यात नांदतात. एकही सुटलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. एकशे अठ्ठावीस भाजक आहेत त्याला.

आई: पाहुण्यांचा आकडा म्हणायची धाकटी त्याला.

अप्पा: म्हणायची काय? म्हणते. एकशे अठ्ठावीस पाहुणे येऊन जेवून जातात आणि पातेल्यात शितसुद्धा उरत नाही. आठ वर्षांची होती तेव्हा. आणि ते दुसरं आठवतं? पाचशे दहा, पुन्हा पाचशे दहा. कुठलेही तीन अंक घ्यायचे, तेच पुढे पुन्हा लिहायचे, की त्या आकड्याला सातानेही भाग जातो, अकरानेही आणि तेरानेही. हे तिनं आपलं आपण शोधलं होतं. मी शिकवायच्या आधी. दारावर खडूने घर क्रमांक दोनदा लिहून ठेवला होता, आणि पोस्टमन परत गेला होता.

थोरली: झालं? आता माझं ऐका. त्या पहिल्या दिवशी काय झालं होतं, ते सांगा आईला. मी तेव्हा कॉलेजात होते, पण मला आठवतंय.

अप्पा: ते काय सांगायचं?

थोरली: मी सांगते. यांनी ड्रम बसवले तेव्हा तिन्ही सांधे एका रेषेत लावले आणि काउंटर शून्यावर ठेवला. त्याच अवस्थेत चाचणी घेतली. पाळण्यात माणसं नव्हती, वाळूची पोती होती. ब्रेक ओढला आणि पाळणा थांबलाच नाही. वरून सुटला तो थेट तळाच्या भिंतीवर. वाळू अख्ख्या उतारावर पसरली होती.

अप्पा: मग एक खाच पुढे सरकवली आणि दगडासारखा थांबला. आजवर थांबतोय. म्हणून तर ठरलंय आपलं, त्या एका फेरीला माणूस बसवायचा नाही. पोती ठेवायची, सावकाश सोडायचा, तळाला गवताच्या पेंढ्या टाकायच्या. ती एक फेरी पार पडली की पुढची चौदा वर्षं कुणी वर बघायला नको. फक्त काउंटरवर लक्ष ठेवायचं. ड्रमची झाकणं खोलून बघायची तर चार दिवस पाळणा बंद, आणि वर जायला दुसरी वाट कुठे आहे? औषधं, दूध सगळं यातूनच जातं.

थोरली: काउंटरवर लक्ष आहेच माझं. पण ब्रेकचा दांडा माझ्या हातात असतो. हाताला कळतं. सत्त्याहत्तरवाला घसरला की दांडा खाली दबतो. अठ्ठ्याहत्तरवाला थरथरतो. पंच्याऐंशीवाला आवाज करतो, दातओठ खाल्ल्यासारखा. एरवी या तिन्ही उचक्या लांबलांब असतात, आज एक, उद्या दुसरी. आता काय चाललंय सांगू? तीन दिवसांपूर्वी तिन्ही उचक्या चोवीस फेऱ्यांच्या आत आल्या.

अप्पा: येतात कधी कधी.

थोरली: त्याच्या पुढच्या खेपेला सोळा फेऱ्यांच्या आत.

अप्पा: बरं.

थोरली: काल दुपारी आठांच्या आत.

अप्पा: आठ?

थोरली: चोवीस, सोळा, आठ. पुढचं तुम्ही म्हणा, अप्पा. तुमचाच पाढा आहे.

अप्पा: ब्रेकला तेल लागलं असेल. तो नवा तेलवाला हात राखून काही करत नाही. नुसता ओततो.

थोरली: तेल लागलं तर रोजच घसरेल. असं पावलं मोजत जवळ येईल का? काल कुठली उचकी कुठल्या आकड्याला आली, ते डोक्यात आहे माझ्या. पाच लाख दहा हजार सोडून द्या, पुढचं बोलते. दातओठवाली एकशे सातला. थरथरणारी एकशे चौदाला. दबणारी एकशे पंधराला. आता तुम्ही करा हिशेब. तुमचे ड्रम, तुमच्या खाचा.

अप्पा: त्यात काय करायचंय? दबणारी एकशे पंधरा, अधिक सत्त्याहत्तर, म्हणजे एकशे ब्याण्णवला पुन्हा येईल.

थोरली: थरथरणारी?

अप्पा: एकशे चौदा अधिक अठ्ठ्याहत्तर… एकशे ब्याण्णव.

थोरली: दातओठवाली?

अप्पा: थांब. एकशे सात अधिक पंच्याऐंशी. थांब जरा. एकशे ब्याण्णव.

थोरली: काउंटरवर आत्ता किती आहे?

अप्पा: एकशे नव्वद.

थोरली: एकशे एक्क्याण्णव म्हणजे सुट्टीनंतर वर जाणारी. आणि एकशे ब्याण्णव म्हणजे उतरणारी. बऱ्या झालेल्यांना खाली सोडतात ती. धाकटीची.

आई: थोरले, पुरे.

थोरली: पुरे कसं? बहीण आहे माझी. दांडा माझ्या हातात असणार आहे, आई. मी ओढीन आणि तो धरणार नाही.

अप्पा: गप्प बसा दोघी. हे शक्यच नाही. गणितात बसत नाही हे. पाच लाख दहा हजार एकशे ब्याण्णव म्हणतेस? शेवटचा अंक बघ, दोन आहे. पंच्याऐंशीत पाच आहे, आणि पाचाने भाग जायला शेवटी शून्य नाहीतर पाच लागतो, हे शाळेतलं पोर सांगेल. सातानेही जात नाही. अकरानेही नाही. तेरानेही नाही. अगं, हा कसला आकडा? दोन-तीन सोडले तर पाहुणे उपाशी परत जातील याच्या दारातून! सांधे शून्याला एकत्र होते, म्हणजे पुन्हा एकत्र येणार ते पाच लाख दहा हजार पाचशे दहालाच. ना आधी, ना नंतर. हे मी आत्ता ठरवलेलं नाही. हे कुणीच ठरवलेलं नाही. हे असंच आहे.

थोरली: तुमचं गणित चुकलंय असं मी कुठे म्हणतेय?

अप्पा: मग?

थोरली: ड्रम म्हणतात दोन फेऱ्या उरल्या. काउंटर म्हणतो तीनशे वीस. दोघांतला एक खोटं बोलतोय. आणि ड्रमला खोटं बोलता येत नाही.

अप्पा: काउंटर मी स्वतः बसवलाय. एक फेरी, एक टक्. एकदाही अडकला नाही तो. तीनशे अठरा फेऱ्या तो काय गिळून बसलाय?

थोरली: तेच मला कळत नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात. तीनशे अठरा फेऱ्या ज्या ड्रमला माहीत आहेत आणि काउंटरला माहीत नाहीत.

आई: तीनशे अठरा?

थोरली: आई, तू का अशी बघतेयस?

आई: काही नाही.

थोरली: तुला माहीत आहे.

आई: तुम्हा दोघांनाही माहीत आहे. आठवत नाही एवढंच. आठवायचं नसतं आपल्याला.

अप्पा: कोड्यात बोलू नकोस गं.

आई: खटका कशाला आहे त्या काउंटरला, अहो?

अप्पा: खटका? तो तर मुक्या फेरीसाठी…

थोरली: अरे देवा.

अप्पा: मुकी फेरी.

थोरली: खटका वर केला की काउंटर फिरत नाही. टक् होत नाही. मी स्वतः करते तो वर. गेल्याच महिन्यात चार वेळा केला. हात आपोआप जातो, म्हणून डोक्यातच आलं नाही. वरून मयत खाली आणायचं असलं की…

आई: बोललीस खरी. चौदा वर्षांत हा शब्द चाकघरात कुणी उच्चारला नव्हता.

अप्पा: नियम मीच केला होता. पहिल्या वर्षी एक म्हातारे गेले. त्यांना खाली आणलं आणि काउंटरने टक् केलं. त्यांचा मुलगा दचकून बघायला लागला. जणू आम्ही त्याच्या बापाची पावती फाडली. मला लाजच वाटली. म्हटलं, ज्याचा प्रवास संपला त्याची फेरी कसली मोजायची? दुसऱ्या दिवशी खटका बसवला. चांगल्या मनाने बसवला गं मी तो.

आई: माहीत आहे मला.

थोरली: पण ड्रम सरकतातच, अप्पा. त्यांना काय कळतंय कोण बसलंय?

अप्पा: नाही कळत. त्यांना सगळे सारखे. म्हणजे… तीनशे अठरा. एवढी माणसं? वर फाटकावर पाटी लावलीय ना, बरे होऊन गेलेल्यांची, दर महिन्याला नवा आकडा रंगवतात. मी म्हणायचो, वर्षाला दोघं-तिघं जात असतील, त्याला कोण काय करणार. तीनशे अठरा म्हणजे… दोन, तीन, त्रेपन्न—

आई: तुकडे नका करू त्यांचे.

अप्पा: सवय आहे गं. दुसरं काही सुचलं नाही की मी हेच करतो.

आई: सगळे पहाटेच खाली येतात. नातेवाइकांसाठी गेट उघडायच्या आत. मी आया होते वर, चादरी मीच ओढायचे. मोजलं मात्र मीही नाही कधी. पाळणाच मोजत होता म्हणायचा.

थोरली: झालं ते झालं. आता माझं डोकं चालायला लागलंय. वेळ आहे आपल्याकडे. एकशे ब्याण्णवला माणूस बसणार नाही. वर फोन करते, धाकटीला एक फेरी थांबवून ठेवा म्हणून. पोती चढवायची ती वरूनच चढवू, कोळशाच्या खोलीत आहेत. एकशे ब्याण्णव पोती घेऊन उतरेल. एकशे त्र्याण्णव, एकशे चौऱ्याण्णव, मग काय हवं ते. मग येऊ दे तिला आरामात.

आई: फोन नको करूस.

थोरली: का?

अप्पा: बरोबर बोलतेय ती. फोनवर पाळणा थांबवला म्हटलं की पोरगी घाबरेल. तिला अर्ध्या शब्दात कळतं, आकडा तिच्या डोक्यात आहे. त्यापेक्षा मीच जातो ना वर. एकशे एक्क्याण्णवने. पोत्यांचंही मीच बघतो, मला माहीत आहे किती वजन लागतं ते. तिच्याजवळ बसेन, खिडकीतून दाखवीन, बघ तुझा राजा पोत्यांवर बसून चालला. अहाहा! आणि मग दोघं मिळून उतरू. चपला दे तिच्या इकडे, नेतो.

थोरली: चालेल. तुम्ही पुढे होऊन बसा पाळण्यात. मी लोकांना सोडते. गेटवर केव्हाची रांग लागलीय, डबे घेऊन उभे आहेत बिचारे. अप्पा, एकशे एक्क्याण्णव अगदी ठणठणीत आहे बरं का. तिन्ही सांधे एकेक खाच मागे आहेत. शंका ठेवू नका.

अप्पा: मला शिकवतेस होय गं? पिशवी सोड, अगं. सोड ना. चपलाच तर घेतोय.

(बाहेर गेटवरची घंटा वाजते. थांबते. पुन्हा वाजते.)

थोरली: आले, आले! जरा दम नाही लोकांना.

आई: गेट उघडू नकोस.

थोरली: का? आत्ताच तर मांडलं ना सगळं.

आई: तुझा हिशेब कालचा आहे.

थोरली: म्हणजे?

आई: तू म्हणालीस, उचक्या काल दुपारी आल्या. त्यानंतर एक फेरी झालीय. तुझ्या काउंटरला माहीत नसलेली.

अप्पा: मुकी?

आई: मुकी.

थोरली: कधी? रात्रपाळीवाल्याने मला काहीच सांगितलं नाही. चाव्या देताना वरसुद्धा बघत नव्हता. मला वाटलं, पेंगलाय.

आई: मीच सांगितलं होतं त्याला, बोलू नकोस म्हणून. मी सांगते म्हटलं.

अप्पा: म्हणजे तीनशे अठरा नाही. तीनशे एकोणीस.

थोरली: म्हणजे एकशे ब्याण्णव नाही. एकशे एक्क्याण्णव. अप्पा, आत्ताची! आत्ता वर जाणारी! तुम्ही, आणि ती सगळी रांग… बसा. तुम्ही आधी बसा इथे. स्टुलावर नको, खाली बसा. आई, पाणी दे त्यांना.

अप्पा: मला काही झालेलं नाही. लोकांना सांग, अर्धा तास. पोती इथूनच भर, मागच्या बाजूला वाळू आहे. वरच्या टोकाला ब्रेक धरणार नाही, उलटा घरंगळत येईल, तेव्हा तळाला पेंढ्या टाक. एकही माणूस आसपास नको. वाचलो गं, थोरले. सगळे वाचलो. हिनं तोंड उघडलं नसतं तर… तरी मी म्हणतो ना, ही घरात असली की…

थोरली: आई.

आई: हं.

थोरली: तू त्या फेरीत होतीस ना? पहाटेच्या?

आई: हो.

थोरली: मुक्या फेरीत आणखी कुणी बसत नाही. घरचं माणूस असलं तरच बसतं.

अप्पा: थोरले, एकशे ब्याण्णव आता मोकळी झाली की नाही? हिशेबाने मोकळी झाली. मग धाकटीला त्याच फेरीने येऊ दे ना, ठरल्याप्रमाणे. काल डॉक्टर स्वतः म्हणाले, ताप उतरलाय, उद्या दुपारी घेऊन जा. दुपार झालीच आता.

आई: सकाळपासून तीनदा तोंड उघडलं मी. तुमचा नवा सदरा दिसायचा आणि मिटायचं.

अप्पा: चपला तेवढ्या वर पाठवायला हव्यात. फरशी गार असते वरची. अनवाणी कशी उतरेल ती?

आई: उतरली हो ती. पहाटेच उतरली. पाय माझ्या मांडीवर होते सगळी वाट. आपली धाकटी गेली.